घरे स्थानकाजवळ हवीत

महोदय,
सोलापूर शहरातील पडीक सरकारी जागांवर परवडणारी घरे बांधावीत, असे सुचवणारा लेख वाचला, पटला. शहराबाहेर कुंभारीच्या रे नगर वसाहतीत जानेवारी २०२४ मध्ये १५ हजार कामगार कुटुंबांना हक्काची घरे मिळाली, हे मोठेच काम. पण तिथून शहर लांब. घरी विडी वळणाऱ्या बाईचा कारखाना शहरात असेल, तर विड्या देऊन पाने-तंबाखू आणण्यातच निम्मा दिवस जातो. म्हणून रेल्वे स्थानक, एसटी स्टँडपासून चालत जाता येईल अशा जागा आधी निवडाव्यात. (तिथे वाहनतळ करण्याचाच मोह फार!) आणि सोलापूरचा पारा चाळिशीपार जात असताना जुने कडुनिंब तोडून नकाशात ‘उद्यान’ रंगवू नये, इमारतींची आखणी झाडे धरूनच व्हावी.

– एक वाचक, सोलापूर