टिकणारा फिल्टर की काहीच न पकडणारा?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

मालवाहतूकदारांचा देखभाल खर्च कसा कमी होईल यावर आपल्या पुरवणीत मागच्या आठवड्यात एक लेख होता. टायरमधली हवा, डिझेलचा हिशेब, ड्रायव्हरची गिअर टाकायची सवय, सगळं पटलं. मध्येच एक वाक्य होतं : ‘जास्त काळ टिकणारे ऑइल फिल्टर निवडा.’ एवढंच, आणि गाडी पुन्हा टायरवर. मी आडगावला एका ट्रान्सपोर्टमध्ये १९ वर्षं स्टोअर सांभाळतो. ते वाक्य वाचून दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मालकांचा मला फोन आला, म्हणून हे पत्र.

आमच्या २२ गाड्या आहेत. १४ ट्रेलर कंटेनर घेऊन नाशिक ते जेएनपीटी फेऱ्या मारतात, ८ डंपर सारूळच्या क्रशरवरून खडी आणि क्रश सँड वाहतात. सिंहस्थाची कामं निघाल्यापासून डंपरना उसंत नाही.

सात-आठ वर्षांपूर्वी एक विक्रेता आमच्याकडे फिल्टर घेऊन आला. आमच्या नेहमीच्या फिल्टरपेक्षा २१० रुपयांनी स्वस्त, वर ‘४० हजार किलोमीटर बिनधास्त’ अशी हमी. आम्ही घेतले. खरोखर टिकले. तेलाचा दाब पडला नाही, दिवा लागला नाही, एकाही ड्रायव्हरची तक्रार नाही. मालकांनी माझी पाठ थोपटली. मग एका ट्रेलरच्या इंजिनात खालून ठकठक यायला लागली. चेंबर, म्हणजे इंजिनाखालची तेलाची टाकी, उतरवला तर कनेक्टिंग रॉडच्या बेअरिंगचा वरचा थर जाऊन आतलं तांबं दिसत होतं. मेकॅनिकने तेलाला दोष दिला, मालकांनी ड्रायव्हरला. मी तो फिल्टर घरी नेऊन कापला. आतला कागद इतका स्वच्छ, की त्यावर लग्नपत्रिका छापावी. बायपास व्हॉल्व्हची स्प्रिंग करंगळीने दाबली तरी आत जात होती.

हा व्हॉल्व्ह मुळात चांगल्या हेतूने ठेवलेला असतो. जानेवारीत पहाटे निफाडला द्राक्षांचा कंटेनर भरून गाडी सुरू करा, तेल काकवीसारखं घट्ट झालेलं असतं. ते फिल्टरच्या कागदातून पुरेशा वेगाने जात नाही. बेअरिंग कोरडं राहण्यापेक्षा न गाळलेलं तेल परवडलं, म्हणून दाबातला फरक ठरावीक मर्यादेपलीकडे गेला की व्हॉल्व्ह उघडतो आणि तेल परस्पर पुढे जातं. फिल्टर कचऱ्याने भरला तरीही हेच होतं. पण स्प्रिंगच लेचीपेची असेल तर व्हॉल्व्ह दिवसभर उघडा. आणि डॅशबोर्डवरचा दिवा फक्त दाब कमी झाला की लागतो. तेल गाळून येतंय की तसंच, हे त्याला कळत नाही.

म्हणून ‘टिकणारा’ या शब्दाचीच मला भीती वाटते. जो फिल्टर काही पकडत नाही तो कधी भरतही नाही. बाजारातला सगळ्यात भिकार फिल्टर सगळ्यात जास्त टिकतो.

तेव्हापासून मी प्रश्न बदलला. विक्रेत्याला किलोमीटर विचारत नाही. किती मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण, तो किती टक्के पकडतो, आणि भरेपर्यंत पोटात किती ग्रॅम कचरा मावतो, हे तीन आकडे मागतो. माणसाचा केस साधारण ७० मायक्रॉन जाड असतो. बेअरिंगमधला तेलाचा थर त्याच्या मानाने फारच पातळ, काही मायक्रॉनचा, आणि त्याच मापाचे कण सगळ्यात जास्त घासतात. नुसतं ‘२० मायक्रॉन’ म्हणण्याला अर्थ नाही. दोन कण आले आणि एक पकडला तरी २० मायक्रॉनचा फिल्टर म्हणता येतं, ७५ आले आणि एकच निसटला तरी म्हणता येतं. पहिला ५० टक्क्यांचा, दुसरा ९८.७ टक्क्यांचा. हे मोजायची पद्धत ठरलेली आहे, आयएसओ ४५४८ भाग १२. चांगल्या कंपनीचा माणूस मागितलं की चाचणीचा कागद पाठवतो. बाकीचे ‘साहेब, आपला माल सगळीकडे चालतो’ म्हणतात आणि चहा मागवतात.

सिंथेटिक धाग्यांचा, काचतंतूंचा फिल्टर साध्या कागदापेक्षा बारीक कण पकडतो आणि त्याच मापाच्या डब्यात कचराही जास्त सामावतो. तो महाग आहे. आम्हाला साध्याच्या अडीचपट पडतो. आमच्या ट्रेलरना तोच लावतो आणि पैसे वसूल होतात. डंपरना मात्र साधाच, पण चांगल्या कंपनीचा, दर २५० तासांनी. कारण खडीच्या धुळीत तेलच आधी खराब होतं, आणि तेल बदलायचं त्या दिवशी फिल्टरही जाणारच. २० लिटर नवं तेल ओतून जुना फिल्टर ठेवणारे लोक मी पाहिलेत. आंघोळ करून तेच कपडे घालतात, दुसरं काय.

तास हा शब्द मी मुद्दाम वापरला. लेखात सगळीकडे किलोमीटर आहेत. आमचे ट्रेलर बंदराच्या रांगेत इंजिन चालू ठेवून उभे असतात. १ ऑक्टोबर २०२५ पासून बनणाऱ्या ट्रकना केबिनमध्ये एसी सक्तीचा झाला. फार चांगलं झालं, ड्रायव्हरही माणूस आहे. पण एसी लावून तो चार तास झोपला तर मीटरवर शून्य किलोमीटर आणि इंजिनाचे चार तास. आम्ही उभ्या गाडीचा एक तास म्हणजे ४० किलोमीटर धरतो आणि तेल-फिल्टरच्या वहीत मिळवतो. ही वही सुरू केल्यावर एकाच दिवशी घेतलेल्या दोन सारख्या गाड्यांत नऊ हजार किलोमीटरचा फरक निघाला.

२०२० च्या एप्रिलपासून बीएस-६ आलं तेव्हापासून आणखी एक भानगड आहे. धुराच्या जाळीत साठलेली काजळी जाळायला काही इंजिनांत सिलिंडरमध्ये उशिरा जादा डिझेल सोडतात. त्यातलं थोडं लायनरवरून, म्हणजे सिलिंडरच्या आतल्या भिंतीवरून, चेंबरमध्ये उतरतं आणि तेल पातळ करतं. ते डिझेल कुठलाच फिल्टर अडवू शकत नाही, कितीही महाग आणा. काजळीचे सुटे कणही मायक्रॉनपेक्षा लहान. त्यांना तरंगत ठेवणं तेलातल्या रसायनाचं काम, आणि ते रसायन संपतं. म्हणून फिल्टरचं आयुष्य वाढवायचं असेल तर आधी तेलाचा नमुना तपासून घ्यावा. वर्षातून दोनदा आम्ही बाटल्या भरून पाठवतो.

अशाच एका अहवालात एका डंपरच्या तेलात सिलिकॉन फार आलं. सिलिकॉन म्हणजे आमच्या भाषेत माती. त्याचा ऑइल फिल्टर वेळेआधी भरायचा आणि शिव्या खायचा. खरा चोर एअर फिल्टरपासून टर्बोकडे जाणाऱ्या रबरी पाइपात होता. क्लिपखाली बोटभर चीर. दोनशे रुपयांचा पाइप. क्लीनर लोक एअर फिल्टरचा कागद हवेच्या नळीने जोरात फुंकतात, त्यानेही असंच होतं. कागद फाटतो, बाहेरून दिसत नाही.

आता डुप्लिकेटबद्दल. दोन खोकी, दोन्हींवर तेच नाव, तोच रंग. कापल्यावर एकात ७१ घड्या, दुसऱ्यात ५२. रबरी रिंग नखाने दाबली तर एकीवर वळ राहिला. आमच्या गल्लीत येणारा भंगारवाला रद्दीपेक्षा जास्त भाव देऊन फिल्टरची रिकामी खोकी मागायचा, त्याचं कारण मला फार उशिरा कळलं. आता जुना फिल्टर निघाला की नव्याचं खोकं मी स्वतः फाडतो. वर्कशॉपमधली पोरं हसतात.

फिल्टर कापायला करवत वापरू नये, हे वाचकांना सांगून ठेवतो. पत्र्याचा कीस कागदात पडतो आणि मग इंजिनाचं लोखंड कुठलं आणि करवतीचं कुठलं, कळत नाही. अंबडला एका लेथवाल्याकडून मी डबा उघडायच्या चावीसारखं चाकाचं कटर करून घेतलं. कागद पिळून, उलगडून उन्हात धरायचा. पितळी चकाकी दिसली तर बेअरिंग झिजतंय. चुंबकाला चिकटलं तर लायनर, रिंग किंवा क्रँक. दुधाळ चिकटा असेल तर रेडिएटरचं पाणी तेलात येतंय.

माझी मागणी लहान आहे. फिल्टरच्या खोक्यावर कायद्याने किंमत छापतात, महिना छापतात, तक्रारीचा फोन नंबर छापतात. मायक्रॉन, टक्के आणि ग्रॅम हे तीन आकडे मात्र माझ्या हातून गेलेल्या एकाही खोक्यावर मला दिसले नाहीत. तेही सक्तीचे करावेत. आपण पुरवणीत कंपन्यांना हे जाहीर विचारलंत तर उत्तर मलाही वाचायचं आहे. आणि त्या लेखाच्या लेखकांना आमच्याकडे पाठवा. कापलेल्या ३४ फिल्टरांचे कागद मी गाडी नंबर आणि तारीख घालून कपाटात लावून ठेवलेत. येताना जुना शर्ट घालून यावं.

आपला,
एक स्टोअरकीपर, आडगाव, नाशिक