रद्द नव्हे, पुढे ढकलले

तीर्थरूप आई-बाबांस साष्टांग नमस्कार.

टेस्ट ट्यूब बेबीच्या (आयव्हीएफ) उपचारात गर्भ आत्ता गर्भाशयात सोडणार नाहीत, हे काल फोनवर ऐकून आईला रडू आले आणि मग मलाही धड बोलता येईना, म्हणून सगळे लिहूनच कळवते. बाबांनी वाचून दाखवावे, नाहीतर आई चष्मा शोधत बसेल.

माझ्यासारख्या पीसीओडी (बीजे नियमित न पिकण्याचा हार्मोनचा विकार) असलेल्यांच्या अंडाशयात बीजकोष मुळातच पुष्कळ असतात आणि इंजेक्शनांनी ते एकदम वाढू शकतात. माझी 24 बीजे निघाली तेव्हा आई खूश झाली; डॉक्टर मात्र गंभीर होत्या. बीजे पिकवण्यासाठी शेवटी एचसीजी या हार्मोनचे इंजेक्शन देतात, त्यानंतर सुजलेल्या अंडाशयांतून जे द्रव्य स्रवते त्याने बारीक रक्तवाहिन्या पाझरू लागतात. पाणी पोटात साचते आणि रक्त घट्ट होते. तीन दिवसांत माझे वजन 4 किलोंनी वाढले, लघवी कमी झाली, म्हणून दोन दिवस दाखल व्हावे लागले. दुसरे, सौम्य इंजेक्शनही असते, पण या वेळच्या औषधपद्धतीत ते चालणारे नव्हते.

आता घरी आहे. रोज सकाळी वजन आणि पोटाचा घेर मोजते, लघवीची नोंद ठेवते, आणि रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून पोटात हेपॅरिनचे इंजेक्शन स्वतःच टोचून घेते (सुईला घाबरणारी मी, हे लक्षात घ्या). आईच्या गुडघेदुखीच्या गोळ्या मला चालणार नाहीत, दुखले तर फक्त पॅरासिटामॉल. पोटाला तेल चोळणेही नको, कारण सुजलेल्या अंडाशयाला पीळ पडू शकतो. दम लागला किंवा वजन एका दिवसात किलोभर वाढले, तर रात्र असली तरी दवाखान्यात जायचे, हे ठरलेले आहे.

आईचा खरा सल निराळा आहे: गर्भ आत्ताच का सोडले नाहीत? आत्ता दिवस राहिले असते, तर शरीरानेच पुन्हा एचसीजी तयार केले असते आणि हा त्रास वाढून कित्येक दिवस लांबला असता. म्हणून त्या बीजांपासून तयार झालेले सहाही गर्भ उणे 196 अंशांच्या द्रव नायट्रोजनमध्ये ठेवले आहेत. थांबायचा निर्णय मला पूर्ण पटलेला आहे. पाळी आली की सूज उतरत जाईल, पुढचे त्यानंतर.

रविवारी अवश्य या. मावशीने विचारले तर मात्र ‘रद्द झाले’ म्हणू नका, ‘दोन महिने पुढे गेले’ एवढेच सांगा.

तुमची,
धाकटी