शनिवारच्या बैठकीची आठवण

सभासद मंडळी, नमस्कार. येत्या शनिवारी संध्याकाळी ५.३० वाजता नेहमीच्या जागी वाचन गटाची बैठक आहे. विषय मागेच कळवला होता: डॉ. आनंदीबाई जोशी आणि डॉ. रखमाबाई.

आनंदीबाईंची निवड सहज झालेली नाही. १८८६ मध्ये फिलाडेल्फियात एम.डी. झाल्यावर त्यांची नेमणूक झाली ती आपल्या कोल्हापूर संस्थानात, आल्बर्ट एडवर्ड रुग्णालयाच्या स्त्री विभागात. म्हणजे आजचं आपलं सीपीआर, छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय! पण क्षयाने खंगलेल्या आनंदीबाई इथे रुजू होऊच शकल्या नाहीत. २६ फेब्रुवारी १८८७ ला पुण्यात त्या गेल्या, बावीसही पूर्ण नव्हती. त्यांची रक्षा अमेरिकेत, तिथे त्यांना घरच्यासारखं सांभाळणाऱ्या कार्पेंटर कुटुंबाच्या दफनभूमीत आहे. सीपीआरसमोरून आपण रोज जातो, पण हे किती जणांना ठाऊक असतं?

त्याच वर्षी, मार्चमध्ये, लहानपणी लावलेलं लग्न न मानणाऱ्या रखमाबाईंना मुंबईच्या कोर्टाने सांगितलं, नवऱ्याकडे नांदायला जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. त्यांनी तुरुंग पसंत असल्याचं कळवलं. पुढे लंडनला डॉक्टरकी शिकून त्यांनी सुरत, राजकोटला रुग्णसेवा केली.

प्रत्येकाला दहाच मिनिटं. मागच्या वेळी एकानेच पाऊण तास घेतला होता, नाव घेत नाही! नुसतं ‘पहिली महिला डॉक्टर’ म्हणून थांबू नका. माणूस म्हणून त्या कशा होत्या ते सांगा. घरी नेलेली पुस्तकं परत आणा. चहा आहे, भडंग कुणीतरी आणावं.