टायमिंग शेवटी नव्हे, इंजिन स्टँडवर असतानाच

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या दैनिकाच्या वाहनांच्या पानावर जुन्या पेट्रोल ट्रकचं इंजिन नव्याने बांधण्याविषयी लेख आला होता. बोअरिंग, रिंगा, बेअरिंगं, हेडचं काम असं सगळं त्यात मन लावून लिहिलेलं होतं. टायमिंगला, म्हणजे प्लगची ठिणगी नेमकी कधी पडावी ते जुळवण्याला, मात्र शेवटी जेमतेम एक ओळ मिळाली. इंजिन गाडीत बसलं की सुरू करायचं, डिस्ट्रिब्युटर (प्रत्येक प्लगला पाळीने ठिणगी पोचवणारा भाग) जरा पुढे-मागे फिरवायचा आणि आवाज गोड लागेल तिथे बोल्ट आवळायचा, असा तिचा आशय. ती ओळ वाचल्यापासून मला चैन नाही, म्हणून हे पत्र.

मी वडिलांच्या हाताखाली शिकले आणि गेली २६ वर्षं इंजिनं बांधते आहे. टायमिंगच्या चुकीने एक नवं बांधलेलं इंजिन माझ्याच हातून बिघडलं. त्या वेळी मी कानावर विसंबले नव्हते, टायमिंग लाइट (ठिणगीबरोबर लखलखून पुलीवरची खूण दाखवणारा दिवा) लावला होता, तरीही बिघडलं.

सहा सिलिंडरचं इंजिन होतं. क्रँकच्या (पिस्टन ज्याला फिरवतात त्या मुख्य दांड्याच्या) पुलीवर खूण, समोरच्या कव्हरवर अंशांची पट्टी. पुस्तकात लिहिलेलं, टॉपच्या, म्हणजे पिस्टन सर्वांत वर येतो त्या जागेच्या, ८ अंश आधी. लाइटच्या उजेडात खूण ८ वर अशी स्थिर दिसत होती की मी निर्धास्तपणे बोल्ट आवळला. तिसऱ्या दिवशी ट्रक परत आला. चढाला जोर नाही, पाणी उकळतंय. रेडिएटर साफ केला, थर्मोस्टॅट बदलला, पाण्याचा पंपही उघडून पाहिला. सगळं ठीक. मग एका संध्याकाळी, शेडमधले दिवे लावायच्या आधी, इंजिन चालू असताना एक्झॉस्ट मॅनिफोल्डकडे नजर गेली. लोखंड मंद लाल दिसत होतं, विझत आलेल्या निखाऱ्यासारखं. दिवसाउजेडी ते कुणाला दिसलंच नसतं.

एक नंबरचा प्लग काढून खरा टॉप शोधला, तर पुलीवरची खूण १२ अंश मागे सरकलेली. म्हणजे लाइटमध्ये ८ अंश आधी दिसत होतं, तेव्हा ठिणगी प्रत्यक्षात टॉपनंतर ४ अंशांवर पडत होती. पिस्टन खाली निघाल्यावर जाळ लागायचा आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह उघडायच्या वेळेपर्यंत धगधगत राहायचा. हेड उतरवलं, तर दोन एक्झॉस्ट व्हॉल्व्हच्या कडा जळलेल्या. ते काम मी माझ्या खर्चाने करून दिलं, पण मालकाचे वाया गेलेले दिवस मला परत देता आले नाहीत.

खूण सरकली कशी? अशा इंजिनांत पुढच्या पुलीला जोडून थरथर शोषणारा डँपर असतो. आतला भाग क्रँकवर पक्का बसतो, बाहेरची जड रिंग त्याच्याभोवती असते आणि दोन्हींच्या मध्ये रबराचा थर. खूण असते बाहेरच्या रिंगवर. वर्षानुवर्षांच्या तेलाने आणि उष्णतेने रबर सुटतं आणि रिंग हळूहळू मागे सरकते. तो डँपर मी स्वतः घासून, काळा रंग देऊन बसवला होता. रबराची भेग माझ्याच रंगाखाली झाकली गेली होती.

म्हणून माझं म्हणणं एवढंच आहे की टायमिंगचं काम इंजिन गाडीत बसल्यावर नाही, बांधणीच्या स्टँडवर असतानाच सुरू होतं. तिथे चारी बाजूंनी हात पोचतो. हेड अजून चढलं नसेल तर डायल गेज लावून पिस्टनचा टॉप नेमका सापडतो. हेड चढलं असेल तर प्लगच्या भोकात अडसर बसवायचा. मग क्रँक हातानेच, हलक्या हाताने फिरवायचा. इथे सेल (स्टार्टर) कधीही मारायचा नाही. पिस्टन टेकला की पुलीवर रेघ ओढायची. उलट्या बाजूने फिरवून पुन्हा टेकला की दुसरी रेघ. दोन रेघांच्या बरोबर मध्ये खरा टॉप. शून्याची खूण तिथे येत नसेल तर डँपर बदलायचा. हेच काम इंजिन गाडीत बसल्यावर करायचं तर पंखा, रेडिएटर आणि पट्ट्यांच्या फटीतून मान वाकडी करून करावं लागतं, आणि म्हणूनच कुणी करत नाही.

दुसरी नेहमीची चूक म्हणजे चुकीचा टॉप धरणं. क्रँकच्या दोन फेऱ्यांत कॅमची (व्हॉल्व्ह उघडणाऱ्या दांड्याची) एकच फेरी होते. त्यामुळे पिस्टन दोनदा वर येतो, एकदा कॉम्प्रेशनला, म्हणजे आतली हवा दाबताना, आणि एकदा धूर बाहेर टाकताना. पुलीची खूण दोन्ही वेळा शून्यावर दिसते. आमच्याकडे शिकायला येणाऱ्या मुलांना मी आधी एक नंबरच्या प्लगच्या भोकावर अंगठा दाबून धरायला सांगते. दुसरा मुलगा पान्याने क्रँक फिरवतो. एका फेरीत अंगठ्याखाली काहीच होत नाही. पुढच्या फेरीत हवा अंगठ्याला आतून ढकलू लागते आणि कितीही जोर लावला तरी फुस्सकन बाजूने निसटते. मुलगा दचकून हात काढतो. तो दाब एकदा हाताला कळला की पुढे आयुष्यभर हा गोंधळ होत नाही.

कॉम्प्रेशनचा टॉप धरून डिस्ट्रिब्युटर सोडायचा. त्याच्या गिअरचे दाते तिरके असतात, त्यामुळे खाली बसता बसता रोटर (त्याच्या आतला फिरता हात) थोडा फिरतो. तो किती फिरतो ते बघून आधीच तेवढा मागे धरायचा, म्हणजे बसल्यावर बरोबर एक नंबरच्या वायरसमोर येतो. मग फायरिंग ऑर्डर, म्हणजे सिलिंडर पेटण्याचा क्रम, बघून त्याप्रमाणे वायरी. सरळ रांगेतल्या सहा सिलिंडरच्या बहुतेक इंजिनांत तो १-५-३-६-२-४ असतो, तरीही पुस्तक उघडून बघावं.

पॉइंटचा (डिस्ट्रिब्युटरमधल्या, उघडताच ठिणगी पाडणाऱ्या संपर्कांचा) गॅप टायमिंगच्या आधी लावायचा. गॅप वाढला की पॉइंट लवकर उघडतात आणि टायमिंग आपोआप पुढे जातं, म्हणजे ठिणगी आधी पडते. आधी टायमिंग आणि मग गॅप असं केलं तर पहिली मेहनत फुकट. गॅप झाला की क्रँक नेहमीच्या दिशेने फिरवत ८ च्या खुणेवर आणायचा. खूण ओलांडली तर बराच मागे जाऊन पुन्हा त्याच दिशेने यायचं, नाहीतर गिअर-चेनचा ढिलेपणा मध्ये येतो. कॉइलची (ठिणगीसाठी व्होल्टेज वाढवणाऱ्या भागाची) जाड वायर काढून अर्थ करायची. टेस्ट लॅम्पचं एक टोक कॉइलवर डिस्ट्रिब्युटरकडे जाणाऱ्या टर्मिनलला, दुसरं बॉडीला, आणि इग्निशन चालू. डिस्ट्रिब्युटर आधी रोटरच्या दिशेने फिरवून दिवा विझवायचा आणि मग उलट दिशेने, अगदी सावकाश. दिवा लागला त्या क्षणी पॉइंट उघडले. तिथेच आवळायचं.

इंजिन सुरू व्हायच्या आधीच एवढा आटापिटा का? या जुन्या इंजिनांत कॅमचे उंचवटे चपट्या टॅपेटवर (कॅमची हालचाल व्हॉल्व्हकडे नेणाऱ्या भागावर) घासत फिरतात. नवा कॅम बसवताना त्यावर चोपडलेलं वंगण नुसते सेल मारत बसलं की पुसलं जातं. इंजिन पहिल्या-दुसऱ्या सेलला पेटलं पाहिजे आणि लगेच साधारण २,००० आरपीएमवर २० मिनिटं तरी चाललं पाहिजे, तेव्हा कॅम आणि टॅपेट एकमेकांना बसतात. त्या २० मिनिटांत आयडलला (उभ्या गाडीच्या सर्वांत कमी वेगाला) आणून डिस्ट्रिब्युटर फिरवत बसता येत नाही. २,००० वर सेंट्रिफ्यूगल ॲडव्हान्सही (वेगाबरोबर ठिणगी आपोआप आधी आणणारी वजनं) उघडलेला असतो, त्यामुळे पुस्तकातला ८ चा आकडा तिथे ताडून बघता येत नाही. तो नंतर बघायचा, आयडल उतरवून, डिस्ट्रिब्युटरची व्हॅक्यूमची नळी (तीही ठिणगी आधी आणते) काढून आणि तिचं तोंड बंद करून.

आता कानाविषयी. ३,००० आरपीएमला क्रँक सेकंदाला १८,००० अंश फिरतो. इंधन जळायला साधारण २ मिलिसेकंद धरले, तर तेवढ्यात ३६ अंश निघून जातात. ७५० ला ९ अंशच. म्हणून वेग वाढला की ठिणगी आधी पडावी लागते. आयडलला इंजिनाला भरपूर ॲडव्हान्स मानवतो, एका मर्यादेपर्यंत तो जितका वाढवाल तितकं ते चढतं आणि गोड वाजतं. तोच ॲडव्हान्स माल भरून चढाला लागल्यावर नॉकिंग (इंधनाचा ठोका देणारा अवेळी स्फोट) करतो. शेडमध्ये उभ्या, रिकाम्या ट्रकवर ते ऐकूच येत नाही. त्यातून हेड घासलेलं असेल तर कॉम्प्रेशन वाढलेलं असतं आणि नॉकिंग आणखी लवकर गाठतं. मग पिस्टनची रिंगांमधली भिंत तुटते. कान लागतोच, पण तो सर्वांत शेवटी आणि भरलेल्या गाडीवर.

नव्या गाड्यांत टायमिंग कॉम्प्युटर सांभाळतो हे खरं. पण डिस्ट्रिब्युटर आणि कॉम्प्युटर दोन्ही असलेल्या मधल्या काळातल्या काही इंजिनांत एक ठरावीक कनेक्टर सोडल्याशिवाय मूळ टायमिंग दिसतच नाही, आणि लोक कॉम्प्युटरने बदललेला आकडा पाहून डिस्ट्रिब्युटर फिरवतात.

माझी विनंती दोघांना आहे. इंजिनं बांधणाऱ्यांनी इंजिनासोबत एक चिठ्ठी द्यावी. खरा टॉप कसा तपासला, खूण बरोबर होती की डँपर बदलला, हेड किती घासलं, पॉइंटचा गॅप किती, टायमिंग किती अंशांवर ठेवलं, हे त्यात असावं. मालकांनी ती मागून घ्यावी आणि गाडीच्या कागदांत ठेवावी, म्हणजे पुढच्या मिस्त्रीला अंदाज करावा लागणार नाही. त्या घटनेनंतर माझ्याकडून चिठ्ठीशिवाय एकही इंजिन गेलेलं नाही.

आणि आपल्याला विनंती, की त्या लेखाची शेवटची ओळ दुरुस्त करून छापावी. ती वाचून कुणीतरी आज नवं इंजिन गाडीत बसवत असेल.

आपली,
एक इंजिन मिस्त्री