गरोदर बाईच्या कार्डावर एक प्रश्न वाढवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गोव्यातल्या लोहखनिजाच्या खाणी पुन्हा सुरू होऊ लागल्यापासून आपल्या दैनिकात धूळ, ट्रक आणि लाल झालेली शेते यांवर वाचकांची पत्रे येत आहेत. ती वाचूनच लिहायला बसले, पण माझे म्हणणे घराच्या आतले आहे, गरोदर बाईच्या अंगात जाणाऱ्या शिशासारख्या विषांबद्दल. मी डिचोली तालुक्यात बावीस वर्षे अंगणवाडी सेविका होते. आता निवृत्त आहे.

पंधरा-एक वर्षांपूर्वी नदीकाठच्या एका वाड्यावर पाचव्या महिन्यातल्या बाईची नोंद करायला गेले होते. तिचा नवरा पावसाच्या आधी फेकजाळे नीट करत बसला होता. जुन्या बॅटरीतले शिसे त्याने कान तुटलेल्या कढईत घालून चुलीवर ठेवले होते, आणि शेजारच्या चुलीवर पेज. बाई फुंकणीने दोन्ही चुली फुंकत होती. वितळलेले शिसे साच्यात ओतायचे, जाळ्याला वजन म्हणून लावायच्या गोळ्या निवल्या की दोरीत ओवायच्या आणि दातांनी दाबून घट्ट करायच्या, असे त्याचे काम चालले होते. तयार जाळे निजायच्या खोलीत खुंटीला टांगलेले. मी तिचे वजन केले, नर्सबाईने काढलेले हिमोग्लोबिन रजिस्टरात उतरवले, ते कमीच होते. लोहाच्या गोळ्या दिल्या, तांबडी भाजी खा म्हटले, त्या माणसाने पुढे केलेला चहा प्यायले आणि निघाले. पुढे मूल झाले ते सव्वादोन किलोचे. 'आई अशक्त' असे कारण मी लिहिले.

ते शिशामुळे झाले असे मी आजही म्हणणार नाही. मूल हलके व्हायला रक्तक्षय एकटा पुरेसा असतो. पण मला ती कढई दिसत होती आणि तिच्याबद्दल काही विचारायचे असते हेच माहीत नव्हते, ही गोष्ट मनातून जात नाही.

माहीत झाले ते गेल्या श्रावणात. मुलगी फुले माळण्यासाठी माहेरी आली होती, सातवा लागला होता. चवथ तोंडावर, म्हणून आम्ही घर रंगवायला काढलेले. घर आजेसासऱ्यांच्या काळचे. पेंटर खिडक्यांचे जुने थर पॉलिश पेपरने कोरडेच घासत होता, सोप्यावर पिठासारखी भुकटी पडत होती, आणि मुलगी आपली रोज सकाळी केरसुणीने ती लोटत होती. पेंटर वयस्कर. तोच सहज म्हणाला, "बाय, हो पोरनो सफेदो, शिशाचो. चेडवाक हांगा बसूंक दिवं नाका." (हा जुना शिशाचा सफेदा, मुलीला इथे बसू देऊ नका.) त्याला हे कळत होते. मुलीच्या तपासणी कार्डावर वजन, रक्तदाब, हिमोग्लोबिन, लघवी, साखर, इंजेक्शने अशा सगळ्याला रकाने होते. घरात, शेजारी, नवऱ्याच्या कामावर काय चालते, हे मात्र सात महिन्यांत कोणीच विचारले नव्हते. मी मुद्दाम विषय काढला तेव्हा तपासणाऱ्या डॉक्टर बाई म्हणाल्या, "असले काही आपल्याकडे नसते हो." रक्तातले शिसे तपासून मिळायला खासगी प्रयोगशाळेमार्फत नमुना गोव्याबाहेर पाठवावा लागला.

मग मी वाचत गेले. शिसे वारेतून बाळाकडे सहज जाते, त्याला वार अडवत नाही. शरीराला ते कॅल्शियमसारखे वाटते, म्हणून हाडांत साठते आणि तिथे वर्षानुवर्षे राहते. गरोदरपणात बाळाच्या हाडांसाठी आईच्या हाडांतले कॅल्शियम ओढले जाते, त्याबरोबर हे जुने शिसेही रक्तात उतरते. म्हणजे लहानपणी बापाच्या गॅरेजमध्ये खेळलेल्या मुलीचे शिसे तिच्या पोरापर्यंत पोचू शकते. त्याने गरोदरपणात रक्तदाब वाढू शकतो, गर्भ पडू शकतो, मूल दिवस भरण्याआधी किंवा कमी वजनाचे होऊ शकते. मूल तीन किलोचे, गुटगुटीत, खणखणीत रडणारे झाले तरी मेंदूचे काही नुकसान झालेले असू शकते, आणि ते शाळेत गेल्यावर 'लक्षच देत नाही' म्हणून कळते. शिशाची सुरक्षित अशी पातळीच नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. गरोदर स्त्रीच्या रक्तात डेसिलिटरला ५ मायक्रोग्रॅम किंवा जास्त शिसे आढळले तर ते येते कुठून हे शोधून बंद करावे आणि आहारात कॅल्शियम कमी असेल तर ते पुरवावे, असे संघटनेच्या २०२१ च्या मार्गदर्शक सूचना म्हणतात.

माझ्यासारखीला सर्वांत लागलेली गोष्ट पुढेच आहे. शरीरात लोह कमी असले की आतडे शिसे आणि कॅडमियम हा दुसरा विषारी धातू जास्त ओढून घेते. देशातल्या ५२.२ टक्के गरोदर स्त्रियांना रक्तक्षय आहे, असा २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाचा आकडा. आम्ही वाटलेल्या लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या या विषावरही थोडी आडकाठी घालत होत्या तर! हे कोणी प्रशिक्षणात सांगितले असते तर 'गोळीने मळमळते' म्हणणाऱ्या बायांशी मी आणखी नेटाने भांडले असते. (दोन्ही गोळ्या एकाच वेळी घेऊ नयेत, मध्ये काही तास जाऊ द्यावेत. हे सांगायचेही आमच्याकडून राहून जायचे.)

सरकारने काहीच केले नाही असे नाही. २००० साली देशभर पेट्रोलमधले शिसे गेले. घरगुती रंगांत ते ९० पीपीएमच्या (दहा लाख भागांत ९० भागांच्या) वर नसावे असा नियम २०१६ मध्ये झाला आणि नोव्हेंबर २०१७ पासून लागू आहे. पण तो नियम नव्या डब्यासाठी आहे, आमच्या खिडकीवरच्या थरांना तो काय करणार? शिवाय नियम घरगुती आणि सजावटीच्या रंगांचा. कारखान्यांत, लोखंडी कामावर वापरायचे रंग त्यात येत नाहीत. शेंदूर, सुरमा, शिसे मिसळून केलेली कल्हई, पिवळ्याधमक रंगासाठी हळदीत घातलेले लेड क्रोमेट, या वाटा वेगळ्याच. न्यूयॉर्कमध्ये २०११-१२ साली सहा गरोदर स्त्रियांना शिशाची विषबाधा झाल्याचे आढळले, ती भारतात बनलेल्या आयुर्वेदिक औषधांतून. 'मुलगा होण्याचे औषध' आपल्याकडेही कुठून कुठून आणले जातेच. माझा आयुर्वेदावर राग नाही, मी स्वतः रोज च्यवनप्राश खाते. पण भस्म कसले आहे हे न विचारता गरोदर बाईच्या पोटात घालू नये.

आणि मोरी, म्हणजे शार्क मासा. बाळंतिणीला दूध यावे म्हणून आपण हौसेने मोरीचे तिखले करतो. शार्क मोठा आणि वयस्क होत जातो तसा त्याच्या अंगात पारा साठत जातो, आणि गर्भाच्या रक्तात तो आईच्या रक्तापेक्षाही जास्त उतरतो. जपानच्या मिनामाटात १९५६ नंतर हेच दिसले, आया बऱ्याचशा धडधाकट आणि मुले जन्मापासून अपंग. तिथे कारखान्याचा पारा समुद्रात सोडला जात होता, आपल्या बाजारातल्या मासळीची त्याच्याशी तुलना करू नये. मासे बंद करा असे तर गोव्यात कोणी म्हणूच नये, बाळाच्या मेंदूला ते हवेतच. तारले, बांगडे, मुडदुशी, लेपो भरपूर द्यावेत. मोठी मोरी नऊ महिने आणि पुढे अंगावर पाजेपर्यंत टाळावी, मोठ्या इसवणीचा (सुरमईचा) तुकडाही क्वचितच. सासूबाई असत्या तर हे वाचून मला घराबाहेर काढले असते.

खाणपट्ट्याबद्दल एवढेच सांगते. आपल्या लोहखनिजाबरोबर मँगनीजही असते. शरीराला ते थोडे लागते, पण पाण्यातून फार गेले तर गर्भाच्या मेंदूला बरे नाही. पिण्याच्या पाण्यात लिटरला ०.१ मिलिग्रॅम, दुसरे पाणीच नसेल तर ०.३ पर्यंत, अशी भारतीय मानकाची मर्यादा आहे. डिचोली, सत्तरी, सांगे, केपे इथे ज्या घरात गरोदर बाई आहे आणि पाणी विहिरीचे आहे, तिथले पाणी एकदा तपासून द्यायला काय हरकत आहे?

माझी आरोग्य खात्याकडे मागणी लहान आहे. माता-बाल कार्डावर एक ओळ वाढवावी: घरात किंवा घराजवळ बॅटरी, शिसे, जुना रंग, कल्हई, खाण यांपैकी काही आहे का, मशेरी किंवा गावठी औषध चालू आहे का. उत्तर 'हो' आले तर रक्ताची तपासणी बांबोळीच्या सरकारी इस्पितळात फुकट व्हावी. नवजात बाळांच्या टाचेतून थेंबभर रक्त घेऊन चयापचयाचे आजार शोधण्याचे काम गोव्याने २००८ मध्येच हाती घेतले होते, तेव्हा हे आपल्याला झेपणार नाही असे कोणी सांगू नये. आणि अंगणवाडी सेविकांना यावर अर्ध्या दिवसाचे प्रशिक्षण द्या. घरात शिरून चुलीवर काय आहे ते त्याच बघतात.

मुलीच्या रक्तात शिसे निघाले, थोडे. कॅल्शियम चालू केले, तिला मधल्या खोलीत हलवले आणि पेंटरने उरलेल्या खिडक्या ओल्या करून घासल्या, भुकटी ओल्या फडक्याने पुसून पिशवीत बांधली. नात दोन किलो आठशेची झाली. आता ती रांगू लागेल. लहान मूल तोंडात गेलेल्या शिशातले मोठ्या माणसाच्या चार-पाच पट शोषते म्हणतात, म्हणून ती यायच्या आधी सोप्याच्या फरशीच्या फटी मी दाभणाने उकरून तीनदा धुतल्या आहेत.

आपली विश्वासू,
एक निवृत्त अंगणवाडी सेविका, डिचोली