फॅरड नंतर, आधी इलेक्ट्रोडचं वजन सांग

प्रिय मित्रा,

काल फोनवर तू म्हणालास की सुपरकपॅसिटरसाठी (झटपट चार्ज साठवून परत देणाऱ्या उपकरणासाठी) पॉलिअनिलिन, म्हणजे वीज वाहून नेणारं पॉलिमर, चढवलेल्या कार्बनने ६०० फॅरड प्रति ग्रॅम कपॅसिटन्स दिला, म्हणजे ग्रॅममागे एका व्होल्टला एवढा चार्ज साठवला, मला खरंच खूप आनंद झाला रे, पण फोन ठेवल्यावर लक्षात आलं की विचारायचं तेच राहिलं. इलेक्ट्रोडवर माल किती होता? चौरस सेंटीमीटरला १ मिलिग्रॅम की १०? पातळ थरात आयनला सगळीकडे पोचता येतं, त्यामुळे आकडा छान येतो, थर जाड केला की आतला माल नुसता बसून राहतो. आणि हे ६०० तीन इलेक्ट्रोडच्या सेटअपमधले, म्हणजे एकट्या इलेक्ट्रोडचे असतील तर दोन सारखे इलेक्ट्रोड जोडून सेल बनवल्यावर तेच १५० होतात, कारण कपॅसिटन्स निम्मा आणि वजन दुप्पट.

नुसत्या सच्छिद्र कार्बनचं मला फार कौतुक आहे. त्यात रासायनिक क्रिया जवळजवळ होतच नाही, आयन येतात, भिंतीला लागून उभे राहतात आणि डिस्चार्जला निघून जातात, म्हणून तो लाखो सायकल टिकतो. पण मिळतं कमी. चांगल्या ॲक्टिव्हेटेड कार्बनच्या एका ग्रॅममध्ये २००० चौरस मीटर पृष्ठभाग असतो, साडेसात-पावणेआठ टेनिस कोर्ट होतील एवढा, तरी चौरस सेंटीमीटरमागे १० मायक्रोफॅरडच्या आसपासच मिळतात म्हणून हिशोब २०० फॅरडपाशी येऊन थांबतो, आणि सगळी छिद्रं आयनला सापडतातच असं नाही.

पॉलिमरचं उलटं. शिराकावा, मॅकडायर्मिड आणि हीगर यांनी १९७७ मध्ये पॉलिॲसिटिलीनला आयोडीन देऊन दाखवलं की प्लास्टिकसारख्या साखळीतूनही वीज वाहते, २००० चं रसायनशास्त्राचं नोबेल त्याचंच. पॉलिअनिलिनमध्ये चार्ज नुसत्या पृष्ठभागावर नाही, पार साखळीत साठतो, म्हणून आकडा मोठा. पण चार्जिंगला ॲनायन (ऋण आयन) आत शिरतात तसं ते फुगतं, डिस्चार्जला आकसतं, असं हजारदा झालं की तडे जातात आणि कार्बनवरची पकड सुटते. माझ्या पहिल्या इलेक्ट्रोडचं हेच झालं, पहिल्या दिवशीचा सीव्ही (व्होल्टेज वर-खाली फिरवून काढलेला करंटचा ग्राफ) इतका सुंदर होता की मी सगळ्यांना दाखवत फिरलो, हजार सायकलनंतर निम्मंही उरलं नाही, तेव्हा फार वाईट वाटलेलं.

म्हणूनच दोन्ही एकत्र आणायचे, पण कसे आणायचे हीच सगळी गोम आहे. ॲनिलिनचं पॉलिअनिलिन करायला बहुतेक जण अमोनियम परसल्फेट (ऑक्सिडाइझ करणारं रसायन) भरपूर ओततात, मस्त गडद हिरवा रंग येतो, आणि पॉलिमर छिद्रांच्या तोंडावरच साचून बसतं. आत जाणार कसे आयन? त्यात २००६ मध्ये सिमॉन आणि गोगोत्सी या संशोधकांच्या गटाने दाखवलं की १ नॅनोमीटरहून लहान छिद्रांत आयन आपल्याभोवतीचं सॉल्व्हंटचं (द्रावकाचं) वेष्टन थोडं टाकून शिरतात आणि कपॅसिटन्स उलट वाढतो, म्हणजे बुजवायला नको ती छिद्रंच आपण बुजवतो. मला विचारशील तर कार्बनमध्ये २ ते ५० नॅनोमीटरची मधली छिद्रंही मुद्दाम ठेव, पॉलिमरचा काही नॅनोमीटरचा पातळ थर त्यांच्या भिंतीवर बसू दे आणि बारीक छिद्रं आयनसाठी मोकळी राहू देत. ॲनिलिन कमी घे, आधी कार्बनमध्ये नीट मुरू दे, मग बर्फात ठेवून परसल्फेट थेंब-थेंब सोड, घाई अजिबात करू नकोस. नंतर पृष्ठभाग परत मोज, २००० चे एकदम २०० झाले असतील तर समज तोंडं बंद झाली.

अजून एक, ॲसिडमध्ये सिल्व्हर-सिल्व्हर क्लोराइडच्या (व्होल्टेज मोजायच्या संदर्भ इलेक्ट्रोडच्या) तुलनेत ०.८ व्होल्टच्या वर जाऊ नकोस, पॉलिअनिलिन जास्त ऑक्सिडाइझ होऊन तुटायला लागतं. ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाने वाढते म्हणून मोह होतो, मलाही झालेला.

तर आता एवढं कर, चौरस सेंटीमीटरला १० मिलिग्रॅमचा जाड इलेक्ट्रोड बनव, दोन जोडून सेल कर, पाच हजार सायकलला लाव आणि मध्ये बंद करू नकोस. आकडा ६०० वरून कितीही खाली आला तरी मला तोच कळव, सोबत वजन आणि पॉलिमर किती टक्के तेही. मी इकडे माझा जुना कार्बन परत काढतोय, याच मापाचा इलेक्ट्रोड करतो म्हणजे दोघांचे ग्राफ शेजारी ठेवून बघता येतील.

तुझाच,
जुना लॅब पार्टनर