नकाशावरची रेघ आणि शेतातली जागा

महोदय,

सीमाभागातील कोरड्या कूपनलिकांवरचा आपल्या अंकातील लेख वाचला. उपग्रहचित्रांतील भेगरेषांवरून (लिनिअमेंट, म्हणजे खडकातल्या भेगा सुचवणाऱ्या सरळ रेघा) पाणी शोधावे, हे त्यातील म्हणणे योग्यच आहे. पण नुसती रेघ पाहून बोअर मारणे धोक्याचे आहे.

अथणी, चिकोडी, निपाणी भागात खाली बेसाल्ट आहे. अखंड काळ्या कातळात पाणी मुरत नाही, ते भेगांत आणि झिजलेल्या थरांत साठते. वरून या भेगा सरळ धावणाऱ्या ओढ्याच्या किंवा उन्हाळ्यातही हिरव्या राहणाऱ्या झाडोऱ्याच्या रूपात दिसतात. मात्र १:५०,००० प्रमाणाच्या नकाशावर एक मिलिमीटर म्हणजे जमिनीवर ५० मीटर. आपल्याकडची कित्येक शेते तेवढ्या रुंदीचीही नसतात! शिवाय ती रेघ डाइकची, म्हणजे खडकात उभ्या घुसलेल्या भिंतीची, असली तर एका अंगाला पाणी आणि दुसऱ्या अंगाला ठणठणाट असे होऊ शकते. म्हणून नकाशावरून पट्टा ठरवावा, नेमकी जागा मात्र विद्युतरोध चाचणीनंतरच, म्हणजे जमिनीत वीज सोडून खालच्या थरांचा अंदाज घेतल्यावरच.

इस्रोच्या 'भुवन' संकेतस्थळावर भेगरेषांचे नकाशे पाहता येतात. तरीही गावोगावी तळहातावरचा नारळ उभा राहील तिथे पाणी, असे म्हणून जागा ठरते. बोअरच्या रिगमधून पाण्याऐवजी करडी भुकटी उडत असते आणि कर्ज काढलेला शेतकरी 'अजून वीस फूट जाऊ द्या' म्हणत उभा असतो. ग्रामपंचायतींनी आपापल्या शिवाराचा नकाशा मराठी-कन्नड दोन्हींत कार्यालयात लावावा, आणि सरकारी खर्चाच्या कूपनलिकांना चाचणीचा अहवाल सक्तीचा करावा.

— एक शेतकरी, ता. चिकोडी